'ढ' आणि शेळी : बुद्धिमापनाच्या मराठी इतिहासातील काही पाने

मराठी शाळेत ज्या एका अक्षराने पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा पाणउतारा केला, ते अक्षर म्हणजे 'ढ'. लिपीचे अभ्यासक याची एक मार्मिक उपपत्ती सांगतात. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजार वर्षांहून अधिक काळाच्या प्रवासात बहुतेक अक्षरांनी आपले रूप ओळखू न येण्याइतके पालटले. 'ढ' मात्र अशोकाच्या शिलालेखांत जसा होता जवळजवळ तसाच राहिला. जो पुढे सरकत नाही तो 'ढ'! या उपपत्तीत एक गृहीतक दडलेले आहे आणि ते आपण सहज मान्य करून टाकतो : बुद्धी ही एक सरळ वाट आहे, त्या वाटेवर काही मुले पुढे असतात, काही मागे, आणि कोण कुठे उभे आहे हे बघणाऱ्याला बिनचूक सांगता येते. विसाव्या शतकाने या गृहीतकाला अंकांची जोड दिली. 'ढ' या एका अक्षराच्या जागी 'बुद्ध्यांक' हा शब्द आला. हा शब्द मराठी मुलांपर्यंत कसा पोचला आणि वाटेत त्याचे काय झाले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात मात्र एका आठवणीने करतो, कारण या विषयाकडे मी मानसशास्त्राच्या वाटेने आलेलो नाही. मी मराठी शिकवतो. राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत, १९८९-९० च्या सुमारास, मी चौथीत होतो. चौथीचे वर्ष म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ष. दिवाळीनंतर वर्गाचे दोन भाग झाले. पुढच्या तीन पट्ट्यांवर 'स्कॉलरशिपची मुले' आणि मागे उरलेली. आम्ही पुढे होतो. शाळा सुटल्यावर आमचा जादा तास होई, आणि मागच्या मुलांना त्याआधीच घरी सोडलेले असे. एके दिवशी गुरुजींनी कौतुकाने म्हणा किंवा गमतीने म्हणा, मागच्या पट्टीवरच्या एका मुलाला उभे केले आणि 'बुद्धिमत्ता चाचणी'च्या पुस्तकातला प्रश्न विचारला. गटात न बसणारे पद ओळखा : गाय, म्हैस, शेळी, बैल.

आम्हा सगळ्यांच्या ओठांवर 'बैल' होते. गाय, म्हैस, शेळी दूध देतात. बैल देत नाही. तो मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "शेळी, गुरुजी. अडीनडीला शेळी इकत्यात. बाकीचं इकलं तर घरात कोणी जेवत नाय."

वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि "बस खाली" म्हणाले. मीही हसलो होतो. पुढे ती परीक्षा मी दिली, शिष्यवृत्ती मिळवली, आणि त्या वाटेने चालत आज प्राध्यापकाच्या खुर्चीत येऊन बसलो. तो मुलगा सहावीनंतर शाळेत दिसला नाही. ते हसू मला अजून आठवते. ज्या चाचणीने आम्हा दोघांना असे वेगळे केले ती मुळात कोणी, कशासाठी तयार केली होती, हा प्रश्न त्यातूनच मागे लागला.

त्या प्रश्नाचे उत्तर पॅरिसमध्ये मिळते. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर शाळांत सर्व थरांतली मुले आली आणि त्यांतली काही अभ्यासात फार मागे पडू लागली. १९०४ साली तिथल्या शिक्षणखात्याने या मुलांचा विचार करण्यासाठी एक मंडळ नेमले. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने त्यात होते. शिक्षक एखाद्या मुलाला मंद म्हणतो तेव्हा ते मूल खरोखर मंद असते, की खोडकर, की आजारी, की नुसतेच शिक्षकाचे नावडते? हे ठरवायला काहीतरी निःपक्षपाती साधन हवे होते. १९०५ साली बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी सोप्यापासून अवघडापर्यंत रचलेल्या तीस कृतींची पहिली मोजपट्टी प्रसिद्ध केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत या कृती वयानुसार लावल्या गेल्या : सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ते सहाव्या वर्षाखाली, सातव्या वर्षीचे सातव्याखाली. यातूनच 'मानसिक वय' ही कल्पना रूढ झाली. १९११ साली तिसरी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी बिने वारले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मुलांना शिक्षकाच्या शेऱ्यापासून वाचवावे आणि मागे पडलेल्यांना विशेष मदत मिळावी, या हेतूने ही पट्टी जन्मली होती. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे असे मानणाऱ्यांना बिने यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट विरोध केला होता. बुद्धीला व्यायाम देता येतो असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी मुलांकरिता मानसिक कसरतीही सुचवल्या होत्या.

पुढचा इतिहास या हेतूच्या उलट दिशेने गेला. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची युक्ती सुचवली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी १९१६ साली बिने-पट्टीचे मोठे संस्करण केले आणि त्या भागाकाराला शंभराने गुणून 'बुद्ध्यांक' लोकप्रिय केला. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ असेल तर बुद्ध्यांक ८०. एका मुलाविषयी जे काही सांगायचे ते एका आकड्यात मावू लागले. त्याच दशकात अमेरिकेत परदेशातून आलेल्या स्थलांतरितांना आणि सैन्यात भरती होणाऱ्यांना चाचण्या देऊन, इंग्रजी न येणाऱ्या माणसांना मंदबुद्धी ठरवण्याचे प्रकारही झाले. चाचणीची भाषा आणि घेणाऱ्याचे जग यांतले अंतर हे देणाऱ्याच्या बुद्धीतले उणेपण म्हणून नोंदले गेले.

भारतात ही पट्टी आली ती लाहोरमार्गे. १९२२ साली तिथले सी. हर्बर्ट राइस यांनी बिने-पट्टीचे हिंदुस्थानी रूप तयार केले. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव मात्र डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या कानडी मुलुखात, धारवाडमध्ये, कामतांनी टर्मन यांच्या १९१६ च्या संस्करणावरून कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतली मोजपट्टी बेतली. हजाराहून अधिक मुलांवर ती घेऊन पाहिली, आणि कोणता प्रश्न कोणत्या वयाला लागू पडतो हे इथल्या मुलांच्या उत्तरांवरून पुन्हा ठरवले. १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी हे काम प्रसिद्ध केले आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्डने काढला. 'बिने-कामत' या जोडनावाने ती चाचणी आजही देशातल्या अनेक रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. बेळगाव-धारवाडच्या सीमाभागाविषयी आपण एरवी भाषिक तंट्याच्या संदर्भातच बोलतो. याच दुभाषी मुलुखात मराठी आणि कन्नड मुलांसाठी एकाच वेळी एक साधन घडले, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक इतिहासात नोंदली जायला हवी.

साहित्याच्या अभ्यासकाला कामतांच्या कामात विशेष रस वाटावा असे एक कारण आहे. हे काम मूलतः भाषांतराचे होते, आणि भाषांतराचे सर्व पेच त्यात होते. बिने-पट्टीतल्या प्रश्नांचे स्वरूप पाहा : शब्दांचे अर्थ सांगणे, उलटसुलट केलेल्या शब्दांचे वाक्य जुळवणे, विधानातली विसंगती ओळखणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, अंकमाला सुलट व उलट म्हणणे, नाणी ओळखणे, चेहऱ्यांच्या दोन चित्रांतले सुंदर कोणते ते सांगणे. यांतला एकही प्रश्न नुसता कोशातले प्रतिशब्द ठेवून मराठीत येणार नाही. इंग्रजीत अवघड असलेला शब्द मराठीत घरगुती असू शकतो. तिथला सोपा शब्द इथे संस्कृतप्रचुर होऊन बसतो. वाक्य उलगडण्याचा प्रश्न ज्या भाषेत शब्दक्रम पक्का आहे तिथे एका प्रकारचा असतो. मराठीसारख्या विभक्तिप्रत्ययांच्या भाषेत दोन-तीन क्रम बरोबर ठरू शकतात. सुंदर चेहरा कोणता, या प्रश्नात तर समाजाचे रंगरूपाविषयीचे सगळे संकेत आले. नाण्यांची गोष्ट आणखी उघड आहे. १९५७ साली दशमान नाणी चलनात आली आणि आणे-पैवर बेतलेला कोणताही प्रश्न एका रात्रीत इतिहासजमा झाला. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली नाही तर वाचकाला टीपा पाहाव्या लागतात. जुन्या चाचणीला मात्र टीपा नसतात, आणि न कळल्याचे गुण मुलाच्या खात्यातून वजा होतात.

शिवाय मराठी म्हणजे कोणाची मराठी, हा प्रश्न राहतोच. प्रमाणभाषेतला प्रश्न मुलाच्या कानावर पडतो तेव्हा पुण्यातल्या शिक्षकाच्या मुलाला तो घरचा वाटतो. मुळा-प्रवरेच्या काठचे, ठाकर किंवा भिल्ल वस्तीवरचे, अथवा बीड-पाथर्डीकडून गळितासाठी आलेल्या ऊसतोड कुटुंबाचे मूल तो प्रश्न आधी मनातल्या मनात आपल्या बोलीत आणते आणि मग उत्तर शोधते. त्यात गेलेले सेकंद घड्याळ मोजते, त्यामागचे कारण मोजत नाही.

ही अडचण चाचणीकारांना कळत नव्हती असे मात्र नाही. स्वातंत्र्योत्तर काळातली भारतीय चाचण्यांची वाटचाल हा बऱ्याच अंशी या अडचणीतून वाट काढण्याचा इतिहास आहे. उत्तर प्रदेशात सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये साक्षर व निरक्षर अशा दोन्ही मुलांना देता येईल असा कृतिचाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात रंगीत ठोकळ्यांतून नमुना जुळवणे, चित्राचे तुकडे सांधणे अशा गोष्टी होत्या. शब्दांचे काम कमीत कमी. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १९६० च्या दशकात, मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्याच्या बौद्धिक वाढीचा अंदाज घेण्याची गुडइनफ यांची पद्धत भारतीय मुलांच्या चित्रांवरून नव्याने बसवली. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील डॉ. आर्थर मॅलिन यांनी अमेरिकी वेक्स्लर चाचणीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले, आणि ते हिंदी-मराठीतही उपलब्ध झाले. धारवाड, बडोदे, नागपूर ही तिन्ही नावे पाहिली म्हणजे या इतिहासाचा नकाशा मुंबई-पुण्याबाहेर किती पसरलेला होता हे जाणवते.

पुण्याचे स्थान या नकाशावर वेगळ्या कारणाने आहे. १९६२ साली आप्पा ऊर्फ डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. बिने यांनी मागे पडणाऱ्या मुलांसाठी साधन शोधले होते. प्रबोधिनीने त्याच जातीचे साधन पुढे असलेली मुले निवडण्यासाठी वापरले. बुद्धिमान मुले हेरावीत, त्यांच्या बुद्धीला सामाजिक जाणिवेची जोड द्यावी आणि ती देशकार्याला लावावी, अशी ही भूमिका होती. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र संस्थेत डॉ. उषा खिरे व सहकाऱ्यांनी गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रारूपाच्या आधारे मराठी मुलांसाठी चाचण्या विकसित केल्या. गिलफर्ड यांनी बुद्धी ही एक राशी न मानता तिचे घटक पाडले : पाच प्रक्रिया, चार आशय, सहा फलिते, असे गुणाकाराने १२० घटक. एका आकड्याच्या जुलमातून सुटण्याचा हा एक प्रयत्न होता, आणि एकाच उत्तराकडे नेणाऱ्या विचाराइतकेच अनेक उत्तरे शोधणाऱ्या विचारालाही त्यात स्थान होते. त्या चौथीच्या वर्गात गिलफर्ड बसले असते तर 'शेळी' या उत्तराला निदान एका रकान्यात जागा मिळाली असती.

परंतु महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांची बुद्धिमापनाशी गाठ पडली ती प्रयोगशाळेत नव्हे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा चौथी आणि सातवीच्या मुलांना दिली जाई. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. भाषा आणि गणित यांच्या जोडीला 'बुद्धिमत्ता चाचणी' हा तिच्यातला एक घटक. खेड्यापाड्यांतल्या हजारो हुशार आणि गरीब मुलांना या परीक्षेने हात दिला, हे मी स्वतःच्या अनुभवावरून कृतज्ञतेने सांगतो. त्या काळी मिळणारी रक्कम थोडी असली तरी घरात मुलाच्या शिकण्याला मान मिळे, आणि पुष्कळदा मुलीचे लग्न दोन-चार वर्षे पुढे जाई.

मात्र या घटकात एक मोठी गंमत आहे. जी क्षमता शिकवता येत नाही, उपजत असते, असे गृहीत धरून चाचणी रचायची. आणि मग तिच्यासाठी मार्गदर्शके छापायची, जादा तास घ्यायचे, सराव-प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या! अंकमालिकेतला पुढचा अंक, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, घड्याळाच्या काट्यांतला कोन : या सगळ्यांच्या युक्त्या आम्ही पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या. आमचे गुण वाढले ते खरे. त्यातून बिने यांचे म्हणणेच सिद्ध झाले, की सरावाने हे वाढते. पण मग ज्यांना सराव दिला नाही त्यांच्याविषयी त्या गुणांवरून काय सांगता येईल? मागच्या पट्टीवरच्या मुलांना शाळा सुटल्यावर घरी सोडले, एवढेच.

'गटात न बसणारे पद' या प्रश्नाचा इतिहास तर स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया हे उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. त्यांनी शेतकऱ्यांना चार वस्तूंची चित्रे दाखवली : हातोडा, करवत, लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड. वेगळे कोणते? शाळेत गेलेल्यांनी ओंडका वगळला, कारण बाकीची तीन हत्यारे. न शिकलेल्यांनी काहीच वगळायला नकार दिला. लाकूडच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करायचे काय, असा त्यांचा सवाल होता. शाळा माणसाला वस्तूंचे वर्ग करायला शिकवते. जगणे त्याला वस्तूंचे संबंध दाखवते. लुरियांनी याचा अर्थ विचाराच्या विकासाच्या पायऱ्या असा लावला, आणि त्यावर पुढे वादही झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ज्याला आपण बुद्धीचा कस समजतो तो पुष्कळदा शाळेच्या सवयीचा कस असतो. लुरियांचे गुरुतुल्य सहकारी वायगॉट्स्की यांनी तर चाचणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले. दोन मुलांचे मानसिक वय आठ निघाले. पण थोडी मदत, थोडी सूचना दिल्यावर एक नऊ वर्षांच्या पातळीची कोडी सोडवते आणि दुसरे बाराच्या. मग ती दोन मुले सारखी कशी? मूल एकटे काय करते यापेक्षा मदतीने कुठवर जाते, हे शिक्षकाला अधिक उपयोगी. गुरुजींनी त्या दिवशी "का रे?" एवढे जरी विचारले असते तरी वायगॉट्स्की आमच्या वर्गात आले असते.

भाषेचे ओझे मुलाच्या गणितावर कसे पडते याचा एक वाद आपल्याकडे अलीकडेच होऊन गेला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्यासोबत 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली, आणि मराठी समाजात मोठे वादळ उठले. विषयसमितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी, त्यात जोडाक्षरे. त्रेसष्ट, सहासष्ट, एकोणसत्तर ही नावे ज्या मुलांच्या घरात ऐकू येत नाहीत त्यांना संख्या कळण्याआधीच तिचे नाव अडवते. मराठी शिक्षक म्हणून संख्यानामांचा तो जुना ठेवा मला प्रिय आहे. तो सोडावा असे मला वाटत नाही. पण वीसपासून एकपर्यंत उलट अंक म्हणायला सांगणारा बिने यांचा प्रश्न मराठीत विचारताना एकोणीस, अठरा, सतरा या नावांनी मुलाच्या स्मरणावर काय भार टाकला असेल, हा विचार त्या वादामुळे माझ्या मनात प्रथम आला.

या सगळ्या इतिहासाला एक वेगळे वळण दिले ते महाराष्ट्रातच सुरू झालेल्या एका कामाने. १९९५ साली मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था उभी केली, आणि २००५ पासून तिच्या पुढाकाराने 'असर' हे ग्रामीण शिक्षणाचे सर्वेक्षण होऊ लागले. त्याची चाचणी एका कागदावर मावते : काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, एकेकट्याला ती दिली जाते. मूल गोष्ट वाचते की परिच्छेदावर थांबते, एवढेच नोंदवायचे. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली जवळपास निम्मी मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे या साध्या कागदाने वर्षानुवर्षे दाखवून दिले. त्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. वाचन म्हणजे उच्चारण नव्हे, हे आपण साहित्याचे लोक सर्वांत आधी म्हणू. पण प्रश्नाची दिशा बदलली हे मान्य करावे लागेल. मुलात बुद्धी किती, असे विचारले की उत्तराची जबाबदारी मुलावर आणि त्याच्या आईबापांवर जाते. मूल शिकले किती, असे विचारले की ती शाळेकडे आणि शासनाकडे येते. गळिताच्या हंगामात कारखान्याजवळच्या कोपीत राहणारी, निम्मे वर्ष आपल्या गावच्या हजेरीपटाबाहेर असणारी पोर परिच्छेदावर अडली, तर त्याचा अर्थ तिच्या मेंदूत शोधायचा नाही, हे निदान आता उघडपणे बोलता येते.

बिने-कामत चाचणीचे काम यामुळे संपलेले नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यापासून बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींसाठी प्रमाणपत्रे लागतात, आणि त्यासाठी चाचण्या द्याव्याच लागतात. ज्या मुलाला खरोखर विशेष मदतीची गरज आहे त्याच्यासाठी ही चाचणी म्हणजे हक्काचे दार आहे. ती नाकारण्यात शहाणपण नाही. पण ज्या पट्टीची मानके स्वातंत्र्यपूर्व काळात बेतली गेली तिच्यावर आजच्या मुलाला उभे करताना सावधगिरी हवी. बुद्धिचाचण्यांतले सरासरी गुण पिढीगणिक वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवले. जुन्या मानकांवर मोजले तर गरजू मूलही 'ठीक' ठरू शकते आणि त्याची मदत हुकते. वाचनदोषाचे निदानही अनेक वर्षे इंग्रजीतल्या साधनांवर अवलंबून होते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' हा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत तयार केला तेव्हा कुठे मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण मराठीत तपासण्याची सोय झाली. कामतांच्या कन्नड-मराठी पट्टीनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी त्याच दोन भाषा पुन्हा एका संचात शेजारी आल्या, हा योगायोग मला हृद्य वाटतो.

मराठी परंपरेत मुलांच्या परीक्षेची सर्वांत प्रसिद्ध कथा आमच्या शेजारच्या नेवाशाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या ज्ञानदेवांची आहे. संन्याशाची पोरे शुद्धिपत्रासाठी पैठणला जातात, सभा त्यांची पात्रता तपासते आणि रेड्याच्या तोंडून वेद ऐकते. आपण ती चमत्कारकथा म्हणून वाचतो. मला ती परीक्षकांची कथा वाटते : वेद कोणाच्या मुखी शोभतो याची यादी त्यांच्याजवळ आधीच तयार होती, आणि यादीबाहेरचे उत्तर आल्यावर त्यांना यादीच तपासावी लागली. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन देताना महात्मा फुल्यांनी ग्रामीण शाळांसाठी शेतकरी वर्गातले, गरज पडली तर नांगर धरू शकतील असे शिक्षक मागितले आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. तीही एका अर्थाने उत्तरसूची बदलण्याचीच मागणी होती. नांगर धरलेल्या गुरुजींना शेळीचे उत्तर ऐकून बहुधा हसू आले नसते.

फुल्यांचेच नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ आमच्या राहुरीत आहे. तिथे संगमनेरी शेळीच्या सुधारणेवर संशोधन चालते. शेळी ही अल्पभूधारकाची आणि भूमिहीनाची हाताशी असलेली ठेव आहे, अडचणीच्या वेळी ती तत्काळ रोख पैसा मिळवून देते, आणि या बाबतीत ती गाय, म्हैस, बैल यांच्याहून वेगळी आहे, असे पशुसंवर्धनाची पुस्तके सांगतात. कित्येक वर्षांनी एका माहितीपुस्तिकेत मी हा मजकूर वाचला आणि माझ्यापुरता तो प्रश्न पुन्हा तपासला. वर्गीकरण निर्दोष होते, कारण दिलेले होते, आणि ते कारण आम्हा पुढच्या पट्ट्यांवरच्या कोणालाही सुचलेले नव्हते.

आता मीही उत्तरपत्रिका तपासतो. आदर्श उत्तराचा कागद शेजारी असतो आणि वेळ थोडा असतो. कवितेच्या प्रश्नाला एखादा मुलगा किंवा मुलगी अपेक्षेबाहेरचे काही लिहिते, बहुधा अशुद्ध लेखनात, आणि लाल पेन सवयीने पुढे सरकते. अशा वेळी मी तो कागद उलटा ठेवतो आणि ते उत्तर पुन्हा एकदा वाचतो. दर वेळी त्यात शेळी सापडतेच असे नाही. पण "बस खाली" म्हणण्याआधी "का रे?" विचारायचे, एवढे मी त्या मुलाचे देणे लागतो.